धावपट्टीवरची वेचणी

१

सिगायच्या तळावर दिवस उजाडायचा तो मान खाली घालून. झेंडा चढला की स्वयंपाक्यापासून कारकुनापर्यंत, इंजिनवाल्यांपासून शिवणकाम करणाऱ्या बायकांपर्यंत सगळे धावपट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला जमायचे, हातभर अंतर सोडून आडवी रांग धरायचे आणि दुधाचा रिकामा डबा हातात घेऊन डोंगराकडच्या टोकापर्यंत चालत जायचे. नजर पायाशी. खडा दिसला उचल, खिळा दिसला उचल, पक्ष्याने टाकलेला शिंपला दिसला तर तोही उचल. पंख्यात एक खडा गेला की विमान जातं आणि विमानाबरोबर माणसं जातात. स्पॅनिश लोकांनी इथे धक्का बांधला, अमेरिकनांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी उतार केला, जपानी तीन वर्षं ठाण मांडून बसले. सगळे गेल्यावर उरलेल्या काँक्रीटवर देशाच्या स्वतःच्या नौदलाची तीन जुनी विमानं उभी राहिली. धनी बदलत गेले, सकाळची ही वेचणी तेवढी टिकली.

रांगेत बेनिल्दाची जागा डावीकडून तिसरी. अठरा वर्षं तीच. नवरा इथेच इंजिनांवर काम करायचा. तो तापानं गेला तेव्हा तळानं तिला लाइफ जॅकेटच्या खोलीत कामाला घेतलं. तिच्या डाव्या हाताला सोली चालायची, त्याच खोलीत जॅकेटं शिवणारी, जिभेला हाड नसलेली, मनानं लोणी. उजव्या हाताला रोदेल. रोदेल म्हणजे बेनिल्दाचा मुलगा; आईला तो नानाय म्हणायचा आणि सोलीला तिया, म्हणजे मावशी. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जायचं, असं तिनं नऊ वर्षं केलं तेव्हा झालेला. आता चोवीस वर्षांचा होता. तीन नंबरच्या विमानात खिडकीशी बसून पाण्यावर नजर ठेवायची हे त्याचं काम. बेनिल्दानं व्रत अजून सोडलं नव्हतं. मागितलेलं मिळालं म्हणून देणाऱ्याकडे पाठ फिरवायची का, असं ती म्हणायची.

त्या सोमवारी तिला एक स्क्रू सापडला.

"आते, काय गं मिळालं?" सोलीनं विचारलं. धाकट्या बायका बेनिल्दाला थोरल्या बहिणीच्या मानानं आते म्हणत. "माझ्या डब्यात बघ. दोन खडे आणि चीफच्या सिगरेटचं थोटूक. त्याचं त्यालाच परत करते, गरीब बिचारा, अर्धीच ओढलीय."

बेनिल्दानं स्क्रू तिच्यापुढे धरला. बोटाच्या पेराएवढा. त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा ठिपका होता. त्यांच्याच कारखान्यात स्क्रू आवळून झाला की असा ठिपका लावत. आणि त्या ठिपक्याच्या कडेनं होडीच्या बुडाला चिकटतात तसली पांढरी, बारीक, धारदार कवचं चिकटलेली होती. घट्ट. नखानं निघेनात.

बेनिल्दा कोळ्याची मुलगी. असली कवचं धरायला लाकूड-लोखंड किती महिने पाण्यात पडून राहावं लागतं, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि धावपट्टी काल सकाळीच वेचली होती.

२

डबे रिकामे करायचं टेबल हँगरच्या दारात असे. तिथे चीफ बालुयुत बसायचा. विमानांची सगळी देखभाल त्याच्याकडे. सापडलेला प्रत्येक स्क्रू कुठल्या विमानाचा, हे ठरल्याशिवाय उड्डाण नाही, हा त्याचा शिरस्ता.

"एक नंबरचं इंजिन काढून ठेवलंय," तो म्हणाला. "दोन नंबर दक्षिणेला गेलंय. म्हणजे हा तीनचाच." दोघांना पिटाळून त्यानं तीन नंबरचा स्क्रू न् स्क्रू तपासायला लावला. तासाभरानं ते परत आले. एकही कमी नव्हता.

"मग पक्ष्यानं आणला," चीफनं निकाल दिला. "बेनिल्दा, तुझ्या नशिबात मोती नाहीत बघ. इतके गुडघे घासतेस, देवानं द्यावं काय, तर गंजका स्क्रू."

सगळे हसले. बेनिल्दाही हसली. पक्ष्यानं आणला असेल. जुन्या उताराखाली काय काय पडलेलं असतं. तिनं मनाशी हे नीट घडी घालून ठेवलं.

मंगळवारी तिला पट्ट्याचा बक्कल सापडला. बुधवारी जाड काचेचा तुकडा, कडा पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेल्या. गुरुवारी हेडफोनच्या गोल गादीची लोखंडी कडी. सगळं तिच्याच वाटेवर, तिच्याच पायाशी. शेजारच्या सोलीला खडे, पलीकडच्या रोदेलला खडे. प्रत्येक वस्तूवर ती पांढरी कवचं. चीफ प्रत्येक वेळी तीन नंबर तपासायला लावायचा आणि प्रत्येक वेळी तीन नंबर जसंच्या तसं, धडधाकट.

"जागा बदल," सोली म्हणाली. "मी चालते तिथून. मला आणू दे पक्ष्यांना काहीतरी. निदान कानातलं तरी आणतील."

शुक्रवारी त्यांनी जागा बदलली. सोलीला काही मिळालं नाही. बेनिल्दाला दुसऱ्या जागेवर, काँक्रीटच्या भेगेत, दाराची खिटी मिळाली.

३

खिटीवर आकडे ठोकलेले होते. चीफनं कवचं तासून काढली, चष्मा चढवला, वाचले. मग उठून स्वतः तीन नंबरपाशी गेला. बेनिल्दाही मागोमाग गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

विमानाच्या मागच्या दाराला खिटी होती. तिच्यावर तेच आकडे होते.

"कारखान्यात दोनदा ठोकला असेल एकच नंबर," चीफ म्हणाला. "तिकडचे लोक तरी काय, माणसंच."

बेनिल्दा खिटीचा कान बघत होती. गेल्या वर्षी पावसात ते दार अडकलं होतं. आत रोदेल होता. त्यानं पकडीनं पिरगाळून खिटी उघडली आणि तिचा कान डावीकडे वाकला. चीफनं तेव्हा त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तो वाकलेला कान दारावर होता. आणि चीफच्या तळहातावरच्या गंजक्या खिटीचाही कान डावीकडे तसाच वाकलेला होता, पकडीच्या दातांच्या खुणांसकट.

चीफनं मूठ मिटली.

"जा, कामाला लाग," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं टोमणा मारला नाही. ती खिटी नंतर टेबलावर कुणाला दिसली नाही.

बेनिल्दा खोलीत आली. लांबट, पांढऱ्या रंगाची खोली. रबराचा आणि पावडरीचा वास. रबर चिकटू नये म्हणून जॅकेटांना पावडर लावावी लागे, तिचा मोठा पत्र्याचा डबा कोपऱ्यात असायचा. भिंतीला पिवळी जॅकेटं ओळीनं टांगलेली, माना खाली घातल्यासारखी. ती स्टुलावर बसली. एका वस्तूच्या दोन वस्तू होत नाहीत, हे तिला कळत होतं. एक नवी आणि एक म्हातारी, अशा तर मुळीच नाहीत. म्हणून मग आपल्यालाच नीट दिसलं नसेल, असं तिनं ठरवलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

रविवारी ती चर्चमध्ये जास्त वेळ बसली.

४

प्रत्येक जॅकेटच्या आतल्या बाजूला एक छोटा कप्पा असतो. त्यात बेनिल्दा एक कार्ड घालायची: ज्याचं जॅकेट त्याचं नाव, तपासणीची तारीख आणि खाली तिची सही. कार्ड घातलं की वर प्लास्टिक आणि चारी बाजूंनी टाके. तिची सही असल्याशिवाय त्या तळावर कुणी पाण्यावरून उडायचं नाही. कमांडरसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी तिच्या पायाशी एक कार्ड पडलं होतं.

तिनं ते उचललं, पण डब्यात टाकलं नाही. मुठीत धरलं आणि तशीच डोंगराच्या टोकापर्यंत चालली. मूठ ओली होत होती. धावपट्टी कोरडी होती.

खोलीत येऊन दार लावून तिनं ते पाहिलं. प्लास्टिकच्या आत पाणी शिरून शाई पसरली होती, पण अक्षर तिचंच. नाव रोदेलचं. सही तिची. रोदेलच्या नावातला शेवटचा फराटा भलतीकडे गेलेला, हात थरथरल्यासारखा. तारीख चौदा नोव्हेंबर.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा तारीख होती.

दुपारी जेवायला रोदेल घरी आला. लसणीचा भात, सुका मासा, टोमॅटो. तिनं कार्ड ताटाशेजारी ठेवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"नानाय, तारीख चुकलीय तुझी."

"मी हे लिहिलेलं नाही, बाळा."

"अक्षर तुझं आहे."

"माझंच आहे. पण मी ते अजून लिहिलेलं नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. अगदी बापासारखं, एका गालानं. "एक बरं आहे. निदान जॅकेट घातलेलं असणार मी."

तिनं त्याच्या हातावर चापट मारली. मग तोच हात धरून ठेवला. "शुक्रवारी जाऊ नकोस. ताप आलाय म्हणून सांग."

"चीफ थर्मामीटर घेऊन घरी येईल. ओळखतेस ना त्याला?" त्यानं हात सोडवून घेतला, भाताचा घास घेतला. "नानाय, तू अठरा वर्षं कार्डं लिहितेस. आजवर कुणी बुडलं का? तुझी सही म्हणजे देवाची सही आहे, सगळे म्हणतात. आणखी मासा आहे?"

मासा होता. तिनं वाढला. कार्ड खोलीतल्या खणात, सुयांच्या डबीखाली ठेवलं, आणि संध्याकाळी चर्चमध्ये जाऊन जन्मात पहिल्यांदा देवाला अट घातली: हा एक शुक्रवार टळू दे, पुढचं आयुष्य मी रोज गुडघ्यांवर येईन. रोज.

५

चौदा तारखेला वेचणीत तिला काहीच सापडलं नाही. धावपट्टी धुतल्यासारखी स्वच्छ होती. बेनिल्दाला हे आणखी भयंकर वाटलं.

हँगरमध्ये हत्यारांचा लाल फळा होता. प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची पांढरी आकृती त्यावर रंगवलेली, आणि हत्यार आपापल्या आकृतीवर टांगलेलं. एक जरी पांढरी आकृती उघडी दिसली तरी हँगरची दारं बंद, आणि ते हत्यार मिळेपर्यंत विमान हलायचं नाही. कारण ते इंजिनात राहिलेलं असू शकतं. एकदा दोन दिवस विमान अडून राहिलं होतं, एका पेचकसासाठी.

सगळे वेचणीचे डबे रिकामे करत असताना बेनिल्दानं फळ्यावरून दहा नंबरचा पाना काढला आणि एप्रनमध्ये टाकला. जन्मात तिनं कुणाची सुई घेतली नव्हती. खोलीत येऊन तिनं पाना पावडरीच्या डब्यात खोल दाबला आणि वरून पावडर सारखी केली.

सातला चीफची आरोळी ऐकू आली. "दारं लावा!"

तिनं डोळे मिटले. आता संध्याकाळपर्यंत कुणी कुठे जात नाही. उद्या पंधरा तारीख. उद्या सकाळी फळ्याखाली टाकून देईन. कुणाचं काही वाईट झालं नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी रेडिओच्या खोलीतून निरोप आला. पहाटेची प्रवासी लाँच खाडीच्या तोंडाशी उलटली होती. माणसं पाण्यात होती. काही जण उलट्या बुडाला धरून होते.

शिलाई मशीनमागे सोली उभी राहिली. उभी राहिली आणि परत बसली.

"आते," ती म्हणाली, "आमचे गेलेत त्या लाँचनं. एफ्रेन, मुलींना घेऊन. सासूच्या गावाला, जत्रेला. मीच म्हटलं, पहाटेची धरा, ऊन लागणार नाही."

६

त्यानंतरचा तास बेनिल्दाच्या आयुष्यात कधी संपला नाही.

सगळा तळ पाना शोधत होता. माणसं पोटावर झोपून कपाटांखाली हात घालत होती. चीफ स्वतः इंजिनात डोकं घालून होता आणि ज्याला त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होता. वैमानिक तयार होऊन पायऱ्यांवर बसले होते. दुसऱ्या तळावरून विमान यायला तीन तास.

"नियम मोडा ना!" सोली ओरडली. "एक पाना! एका पान्यासाठी!"

"इंजिनात असेल तर लाँचवरचेही जातील आणि माझे तिघेही," चीफ म्हणाला. मग खालच्या आवाजात, "सोली, शोध. रडू नकोस, शोध."

सोली खोलीत गुडघ्यांवर फिरत होती. जॅकेटांखाली, टेबलाखाली. धाकटी पासिता आठ वर्षांची, थोरली लिवाय अकरा. शोधता शोधता ती पुटपुटत होती, "लिवायला पोहता येतं. पासिताला नाही. लिवाय धरेल तिला. लिवायच्या पाठीवर बसेल ती. आते, त्या डब्यामागे बघितलंस?"

"बघितलं," बेनिल्दा म्हणाली.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सात चाळीस. कोळ्यांच्या होड्या जातीलच की. गेल्याही असतील. समुद्र शांत आहे. देव आहे. सात पन्नास. प्रत्येक मिनिटाला ती एक कारण शोधायची, आणि प्रत्येक कारण मिनिटभर पुरायचं.

आठला रेडिओवाल्यानं सांगितलं, बुडाला धरलेली चौदा माणसं मोजली होती एका होडीवाल्यानं लांबून. आता नऊ दिसतायत.

सव्वाआठला रोदेल आत आला. सोली तेव्हा बाहेर होती. त्यानं दार लोटलं, टांगलेल्या जॅकेटांकडे पाहिलं, मग आईकडे.

"नानाय, तुझ्या एप्रनला पावडर आहे."

"रोज असते."

"इतकी नसते."

तिनं एप्रन झटकला.

"मुली पाण्यात आहेत, नानाय," तो म्हणाला. रागानं नाही, लहानपणी ताप आला की पाणी मागायचा त्या आवाजात. "पासिता. तूच तिला बाप्तिस्म्याला धरलं होतंस ना?"

बेनिल्दानं डब्याचं झाकण काढलं. कोपरापर्यंत हात घातला. पांढरा पाना वर आला तेव्हा तिला वाटलं, आपण कुणाचं तरी हाड उकरून काढलंय.

रोदेलनं तो घेतला, पँटला पुसला आणि दारातून ओरडला, "मिळाला! कपाटामागे पडला होता!"

मग परत वळून म्हणाला, "कार्ड लिही. माझं जुनं झालंय."

तिनं लिहिलं. नाव. तारीख. शेवटचा फराटा भलतीकडे गेला. ती तो फराटा बघत राहिली आणि तो घाईनं म्हणाला, "राहू दे तसंच, टाके घाल, नानाय, टाके घाल."

तिनं चारी बाजूंनी टाके घातले.

७

आठ पस्तीसला तीन नंबर उडालं. बाराला परत आलं.

बेनिल्दा या वेळात वेदीसमोर गेली नाही, कारण तिला तिथे जायचं धाडस झालं नाही. ती उताराच्या कठड्याशी उभी होती. विमान लहान ठिपक्यासारखं दिसलं, मोठं झालं, चाकं टेकली. ती खाली बसून रडली. आला. शुक्रवार टळला. आला.

रेडिओवाला चीफला सांगत होता, "मध्ये अकरा मिनिटं काहीच नव्हतं. मी हाका मारतोय, हाका मारतोय. मग आले लाइनीवर, जसं काही झालंच नाही. मी विचारलं कुठे होतात, तर म्हणतात, इथेच."

"जुना रेडिओ," चीफ म्हणाला.

मुली मिळाल्या नव्हत्या. एफ्रेनही नाही. होडीवाल्यांनी पाच जणांना काढलं. विमानानं पाण्यावर फेऱ्या घातल्या, पण तोवर उलटं बूडही खाली गेलं होतं. तासभर आधी असतं तर, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं.

चीफ तीन नंबरच्या मागच्या दाराशी गेला. बेनिल्दानं लांबून पाहिलं: त्यानं खिटीखाली बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. मग पँटला पुसलं, पुन्हा पुसलं. वळला तेव्हा त्याला ती दिसली.

"धुऊन घ्या विमान," तो पोरांना म्हणाला. तिच्याजवळून जाताना हळूच बोलला, "पाना पावडरीत पडला होता वाटतं." तिनं मान खाली घातली. "मी काही बोलणार नाही, बेनिल्दा. तूही काही बोलू नकोस. आलेत ना परत. बास."

तिन्ही जॅकेटं तिच्या टेबलावर आणून टाकलेली होती. कोरडी होती. तिनं रोज करायची तशी तपासणी केली. पहिलं, कार्ड आहे. दुसरं, कार्ड आहे. रोदेलच्या जॅकेटचे टाके जागच्या जागी होते, सकाळीच घातलेले, चारी बाजूंनी, एकही उसवलेला नाही. प्लास्टिकच्या आत कप्पा रिकामा होता.

खण उघडून सुयांच्या डबीखाली बघायला तिला दोन पावलं टाकावी लागली असती. तिनं ती टाकली नाहीत.

८

तीनच्या सुमारास रोदेल घरी आला. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं भात, मासा, आंबट सूप, सगळं मांडून ठेवलं होतं. दारात येताच त्यानं नेहमीसारखा वाकून तिचा हात घेतला आणि कपाळाला लावला.

कपाळ गार होतं. आणि बोटाच्या सांध्यावर काहीतरी कचकन लागलं.

तिनं हात मागे घेतला. सांध्यावर तीन-चार बारीक ओरखडे, त्यातून रक्त यायला लागलेलं. लहानपणी बापाच्या होडीखालून हात घातला की असेच ओरखडे यायचे. रोदेलचे केस कपाळावर पुढे आलेले होते. तिनं ते मागे सारून पाहिलं नाही.

"काय झालं, नानाय?"

"काही नाही. सकाळी मासा साफ करताना लागलं होतं. बस. खा."

तो खिडकीशी बसला. भात खाल्ला. पाणी मागितलं, तांब्याभर प्याला, आणखी मागितलं. तिनं मीठ पुढे केलं तर त्यानं ताट मागे सरकवलं. त्याच्या खुर्चीखाली फरशी ओली होत होती. पाणी सांडलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. एवढं पाणी पितोय. सांडणारच.

आलाय. समोर बसलाय. खातोय. एवढंच तर मागितलं होतं. उद्यापासून रोज गुडघ्यांवर जायचं. तिनं तेवढंच धरून ठेवलं.

दार वाजलं. सोली होती. सकाळपासूनचाच फ्रॉक, गुडघ्यांवर हँगरची धूळ. ती आत आली, तिनं बेनिल्दाचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"आते, तुझ्यामुळे विमान गेलं तरी. तुझ्या खोलीत मिळाला म्हणे पाना. नाहीतर कुणीच गेलं नसतं त्यांना बघायला. देव तुझं भलं करो."

बेनिल्दाच्या बोटाच्या सांध्यावरचं रक्त सोलीच्या कपाळाला लागलं होतं.

सोली रोदेलसमोर जमिनीवरच बसली. "बाळा, कमांडरसाहेबांना काय सांगितलंस ते ऐकलं मी. मला खरं सांग. तुला दिसल्या का रे? लांबून तरी? लाल फ्रॉक होता पासिताचा."

"दिसल्या ना, तिया," रोदेल म्हणाला.

सोली त्याच्या गुडघ्यांशी सरकली.

"पासिता लिवायच्या पाठीवरच आहे. सोडलं नाही तिनं. एफ्रेन मागे आहे." तो शांतपणे बोलत होता, बाजारातून आल्यासारखा. "येतायत त्या. खालून चालत येतायत, म्हणून वेळ लागतोय."

सोलीनं तोंडावर हात घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. शेवटी जे उरलं त्याकडे बेनिल्दाला बघवेना. ती आशा होती.

"म्हणजे बेटावर निघाल्या का रे? खालच्या वाटेनं? किनाऱ्यानं? आते, ऐकलंस? मी म्हटलं नव्हतं, लिवायला पोहता येतं!" ती उठली, हसत होती, रडत होती, पदर नसलेल्या फ्रॉकनंच डोळे पुसत होती. "मी जाते. भात टाकते. चुलीवर पाणी ठेवते, गारठलेल्या असतील. तिघांचा भात. कधी येतील रे, आज?"

"सकाळी," रोदेल म्हणाला. "वेचणीच्या वेळी."

सोली पळतच पायऱ्या उतरली. तिच्या चपलांचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. हाक मारली असती तर थांबली असती ती. पण तिला थांबवायचं तर काय ते बोलावं लागलं असतं, आणि बोललं की समोर जे बसलंय त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

रोदेलनं ताट पुढे केलं.

बेनिल्दानं त्याला आणखी भात वाढला.